अकरा संस्था, एकच व्यवहार

प्रस्तावना

कन्नडच्या परिसरात, सातमाळ्याच्या डोंगररांगेत पितळखोऱ्याची लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या काळात कोरलेल्या या लेण्यांतले ब्राह्मी लेख आजही वाचता येतात. त्यांत प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, मितदेव नावाच्या गांधिकाच्या (सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या) कुटुंबाने दिलेल्या दानाची नोंद आहे. मगिल नावाच्या एका राजवैद्याचा उल्लेख आहे, आणि त्याच्या मुलामुलींच्या दानाचाही आहे. दोन हजार वर्षांमागे शरीराचे दुखणे जाणणारा माणूस या डोंगरांशी नावानिशी जोडलेला होता, ही गोष्ट शरीराविषयीच्या पुस्तकाच्या आरंभी आठवावी अशीच आहे. पण या लेण्यांचा उल्लेख करण्याचे आणखी एक कारण आहे. विहारात उभे राहिले की भिक्षूंच्या खोल्या वेगवेगळ्या दिसतात. प्रत्येकीला दार आहे, भिंत आहे. मात्र या भिंती कुणी विटा रचून बांधलेल्या नाहीत. डोंगराचा एकच कातळ आतून कोरत नेला, आणि जो शिल्लक राहिला त्याला आपण भिंत म्हणतो. शरीराच्या संस्थांचेही असेच आहे, हे या पुस्तकाचे सांगणे आहे. पचनसंस्था, श्वसनसंस्था, रक्ताभिसरण संस्था ही आपण पाडलेली दालने आहेत; त्यांच्याखालचे रसायन अखंड आहे. शरीर समजून घ्यायचे असेल तर दालनांची नावे पाठ करून भागत नाही. एका दालनातून दुसऱ्यात काय जाते, कोणत्या रूपात जाते आणि वाटेत त्याचे काय होते, हे पाहावे लागते.

शाळेत शरीर आणि रसायन हे दोन विषय दोन पुस्तकांत विभागले जातात. महाराष्ट्राच्या दहावीच्या अभ्यासक्रमात ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’चे दोन भाग आहेत. मूलद्रव्यांचे वर्गीकरण, रासायनिक अभिक्रिया आणि कार्बनी संयुगे पहिल्या भागात येतात. सजीवांतील जीवनप्रक्रिया दुसऱ्या भागात येतात. दोन पुस्तके, दोन प्रश्नपत्रिका, आणि पुष्कळदा दोन तास. दुसऱ्या भागात पेशीतल्या ऊर्जानिर्मितीची चर्चा आहे, त्यामुळे पाठ्यपुस्तकांना हा दुवा माहीतच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. तरीही विद्यार्थ्याच्या मनात राहते ते हेच, की कार्बन हा परीक्षानळीतला आणि जठर हे आकृतीतले. शरीराच्या वजनात ऑक्सिजन सुमारे ६५ टक्के, कार्बन १८ टक्के, हायड्रोजन १० टक्के आणि नायट्रोजन ३ टक्के असतो. म्हणजे चार मूलद्रव्यांतच सुमारे ९६ टक्के शरीर आले. उरलेल्या चार टक्क्यांत हाडांतले कॅल्शियम आणि फॉस्फरस, रक्तातले लोह, गळ्याच्या ग्रंथीतले आयोडीन अशी सगळी बाकीची मंडळी. ही यादी पाठ केली तर ती निर्जीव राहते. यातला एकेक अणू कुठून आला आणि कुठे निघाला आहे हे विचारले की तीच यादी बोलू लागते.

कार्बनपासून सुरुवात करू. ज्वारी-बाजरीची भाकरी म्हणजे मुख्यतः स्टार्च, आणि स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांब साखळी. तोंडात लाळेतले विकर ही साखळी तोडायला सुरुवात करते. जठरातल्या तीव्र आम्लात ते विकर निकामी होते. मग स्वादुपिंडाचा रस लहान आतड्यात ते काम पूर्ण करतो. सुटे झालेले ग्लुकोज आतड्याच्या पेशींतून यकृताकडे जाते, आणि तिथून रक्ताबरोबर सगळीकडे. निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी ग्लुकोज असते जेमतेम पाच ग्रॅम, चहाचा एक चमचाभर. एवढ्याशा साठ्यावर मेंदू चालतो. वजनाने शरीराच्या दोन टक्के असणारा हा अवयव विश्रांतीच्या वेळच्या ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा वापरतो. हा चमचा रिकामाही होऊ नये आणि ओसंडूनही जाऊ नये म्हणून इन्सुलिन, ग्लुकागॉन आणि यकृतातला ग्लायकोजेनचा साठा अहोरात्र राबतात. पेशीत शिरलेल्या ग्लुकोजचे आधी दोन तुकडे होतात. मग तंतुकणिकेत त्यांतला कार्बन सुटा होऊन कार्बन डायऑक्साइड बनतो, हायड्रोजन ऑक्सिजनला मिळून पाणी होते, आणि या प्रवासात सुटलेली ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूत बांधली जाते. एटीपीचा साठा कोणत्याही क्षणी अगदी थोडा असतो. पण तो इतक्या वेळा मोडतो आणि पुन्हा घडतो की दिवसभरात होणारी त्याची उलाढाल आपल्या शरीराच्या वजनाच्या घरात जाते.

आता विचारू या, भाकरीतला कार्बन शरीराबाहेर पडतो कुठून? बहुतेकांचे उत्तर असते, शौचावाटे. ते चूक आहे. पचलेल्या भाकरीतला कार्बन नाकावाटे बाहेर पडतो. पेशींत तयार झालेला कार्बन डायऑक्साइड रक्तात येतो, तांबड्या पेशींतले एक विकर त्याचे बायकार्बोनेट करते, आणि फुप्फुसांत पोचल्यावर तोच पुन्हा वायू होऊन उच्छ्वासात मिसळतो. चरबी घटते तेव्हाही हेच घडते. दहा किलो चरबी पूर्णपणे जळाली तर तिच्यातले सुमारे ८.४ किलो वजन कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने श्वासावाटे जाते आणि १.६ किलोचे पाणी होते. चरबी घामातून वितळून जाते ही समजूत या एका हिशेबापुढे टिकत नाही. पण माझ्या दृष्टीने या हिशेबाचे मोल आणखी मोठे आहे. पचनसंस्थेतून आत आलेली वस्तू श्वसनसंस्थेतून बाहेर जाते. मधला सगळा प्रवास रक्ताभिसरण संस्थेतून होतो. प्रवासाची परवानगी अंतःस्रावी ग्रंथी देतात. आणि श्वासाचा वेग रक्तातला कार्बन डायऑक्साइड मोजून मेंदूचा तळ ठरवतो. या पाचांपैकी कोणती संस्था भाकरी ‘पचवते’? प्रश्नाचे उत्तर एका नावात देता येत नाही, कारण प्रश्नातच भिंत आहे. आणि उच्छ्वासातून गेलेला तो वायू पुन्हा शेतातल्या पानांत शिरतो. कन्नडच्या शिवारातला मका आणि ऊस, शिवाय ज्वारी आणि बाजरी, या चारही पिकांकडे हवेतला कार्बन डायऑक्साइड पानात आधी गोळा करून मग त्याची साखर करण्याची खास रासायनिक रीत आहे. कडक उन्हात ती फार उपयोगी पडते. म्हणजे शरीराची शेवटची भिंत, त्वचेची, हीदेखील या व्यवहाराचा शेवट नाही.

नायट्रोजनची वाट वेगळी आहे, आणि ती पाहिली की निर्जीव आणि सजीव यांच्यातली भिंतही पातळ होते. डाळीतली प्रथिने फुटून अमिनो आम्ले होतात. त्यांतून शरीर स्वतःची प्रथिने घडवते. जे जास्त होते त्यातला नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने सुटतो. अमोनिया मेंदूला विषारी आहे. म्हणून यकृत त्याचा युरिया करते, आणि मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीडेक लिटर वगळता सगळा परत घेतात. हा युरिया आणि खताच्या गोणीतला पांढरा दाणेदार युरिया एकच आहे; दोहोंच्या रेणूत अणुमात्र फरक नाही. १८२८ साली फ्रिडरिक व्होलरने प्रयोगशाळेत, कोणत्याही प्राण्याच्या मूत्रपिंडाशिवाय, युरिया तयार केला. सजीवांचे पदार्थ केवळ सजीवातल्या खास प्राणशक्तीनेच घडतात ही त्या काळची धारणा होती. एका प्रयोगाने ती कोसळली नाही, पण तडा तिथे गेला. आज शेतकरी मक्याला युरिया देतो, मक्यातून तो नायट्रोजन प्रथिनात जातो, प्रथिनातून माणसात, आणि माणसातून पुन्हा युरिया होऊन मातीत. खताचे दुकान आणि यकृत एकाच साखळीचे दोन दुवे आहेत, हे कन्नडच्या शेतकऱ्याला समजावायला परदेशी उदाहरण लागत नाही.

लोहाची गोष्ट यापेक्षाही जवळची आहे, आणि तिथे हे ज्ञान नुसते ज्ञान राहत नाही. हा सारा प्रदेश बेसाल्टवर, काळ्या पाषाणावर वसलेला आहे. बेसाल्टमध्ये लोह भरपूर, त्यापासून झालेल्या काळ्या मातीतही भरपूर. तरीही चुनखडीच्या जमिनीतला ऊस पिवळा पडतो. शेतकरी म्हणतो, केवडा पडला. मातीत लोह असते, पण अल्कधर्मी जमिनीत ते न विरघळणाऱ्या रूपात अडकून बसते आणि मुळांना मिळत नाही. उपाय म्हणून शेतकरी हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, फवारतो आणि पाने हिरवी होतात. आता माणसाकडे या. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्याआधीच्या सर्वेक्षणात हा आकडा ४८ टक्के होता. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत: मासिक पाळी, लागोपाठची बाळंतपणे, जंत, आणि ताटात शेवटी उरेल ते खाण्याची रीत. पण त्यांच्याबरोबर एक रासायनिक कारणही आहे, आणि ते उसाच्या कारणाशी जुळते. बाजरीत लोह आहे, पण धान्यातले फायटेट त्याला धरून ठेवते. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेल्या चहातले टॅनिनही तेच करते. लिंबू किंवा आवळ्यातले क जीवनसत्त्व उलट काम करते. ते लोहाला विरघळणाऱ्या फेरस रूपात आणते, आणि त्या रूपात ते आतड्यात शोषले जाते. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळीत असतो तोही फेरस क्षारच. उसाच्या पानाला आणि बाळंतिणीला एकाच अणूचे एकच रूप हवे असते. हे समजले की ‘गोळीनंतर लगेच चहा नको’ ही सूचना आज्ञा राहत नाही. तिचे कारण कळते, आणि कारण कळलेली सूचना पाळली जाते.

संस्थांच्या भिंतींवर विश्वास ठेवल्याने माणसे कशी चुकतात, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा आजारांत मिळतो. पेलाग्रा नावाच्या रोगात उन्हाला उघडी राहणारी त्वचा काळवंडून सोलते, जुलाब लागतात आणि पुढे बुद्धी भ्रमते. भिंतींच्या हिशेबाने पाहिले तर हे तीन रोग, तीन तज्ज्ञांकडचे. प्रत्यक्षात उणीव असते एकाच गोष्टीची: नायासिन या जीवनसत्त्वाची. त्यापासून पेशीत जो रेणू बनतो तो ग्लुकोजच्या तुकड्यांतला हायड्रोजन उचलून नेतो. तो कमी पडला की जिथे पेशी झपाट्याने बदलतात किंवा ऊर्जा अधिक लागते तिथे, म्हणजे त्वचेत, आतड्यात आणि मेंदूत, आधी हाक उठते. अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावर जगणाऱ्या गरिबांत हा रोग पसरला तेव्हा तो संसर्गजन्य मानला गेला होता. जोसेफ गोल्डबर्गर यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तो आहाराचा आहे हे दाखवले, आणि १९३७ मध्ये नायासिन हे त्याचे औषध ठरले. आपल्या दख्खनच्या पठारावर हाच रोग ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत आढळला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाच्या जास्तीकडे बोट दाखवले. त्या उपपत्तीवर पुढे वाद झाले. पण त्वचेवरच्या डागाचे कारण ताटातल्या धान्यात, आणि धान्यातही एका रेणूच्या तोलात शोधायचे, ही दिशा बरोबर होती.

दुसरा पुरावा शेतातला आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि मजुरांना विषबाधा झाली आणि वीसच्या आसपास माणसे दगावली. तेव्हा वापरात असलेल्या कीटकनाशकांत मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस अशी सेंद्रिय फॉस्फरसची औषधे होती. या औषधांनी बाधा झालेल्या माणसाच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, लाळ आणि घाम सुटतो, पोटात कळा येतात, नाडी मंदावते, स्नायू फडफडतात, छातीत पाणी भरल्यासारखे होऊन श्वास अडतो. डोळ्यांपासून आतड्यापर्यंत जणू सगळ्या संस्था एकदम बिघडल्या. पण बिघडलेले असते एकच विकर. चेतातंतू आपला निरोप ॲसिटिलकोलिन या रेणूने देतो, आणि निरोप पोचला की ते विकर त्या रेणूचे तुकडे करून जागा मोकळी करते. कीटकनाशक त्या विकराला चिकटून बसते. निरोप संपतच नाही. किडीतही हेच विकर असते, म्हणून कीड मरते. माणसातही हेच असते, म्हणून माणूस मरतो. हे रसायन त्वचेतून आत शिरते, हे ज्याला कळले आहे तो उघड्या अंगाने आणि वाऱ्याच्या तोंडावर उभा राहून फवारणी करणार नाही. भिजलेला सदरा संध्याकाळपर्यंत अंगावर वागवणार नाही.

तिसरा पुरावा मराठवाड्यात वाढलेल्या एका डॉक्टरांचा आहे. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यात महाडच्या परिसरात काम करताना लाल विंचवाच्या दंशाने मरणारी माणसे जवळून पाहिली. दंश पायाला होई आणि माणूस दगावे तो हृदय थकून आणि फुप्फुसांत पाणी भरून. विंचवाचे विष चेतातंतूंतले सोडियमचे दरवाजे उघडे ठेवते. त्यातून ॲड्रेनलिनच्या जातीच्या संप्रेरकांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयावर असह्य भार पडतो. ही साखळी ओळखल्यावर त्यांनी रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे साधे औषध दिले. ते या संप्रेरकांची रक्तवाहिन्यांवरची जागाच अडवते. पूर्वी गंभीर रुग्णांतले सुमारे चाळीस टक्के दगावत, ते प्रमाण पुढे एका टक्क्याच्या आसपास आले. त्यांचे हे काम ‘लॅन्सेट’ने छापले. ग्रामीण दवाखान्यात, यंत्रसामग्रीवाचून, हे शक्य झाले. कारण डंख, हृदय आणि फुप्फुस यांना जोडणारे रसायन त्यांनी पाहिले. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ-साखरेचे पाणी पाजून हजारो जीव वाचवले, त्यामागेही असेच एक सूत्र होते: आतड्याची पेशी ग्लुकोज आत घेताना सोडियमही बरोबर घेते, आणि दोघांच्या मागे पाणी येते. नुसते पाणी किंवा नुसते मीठ हे काम करत नाही. हीच ओआरएसची पुडी आज प्रत्येक आशाताईच्या पिशवीत असते.

या मांडणीवर काही आक्षेप येतील, आणि ते विचार करण्यासारखे आहेत. पहिला असा, की वैद्यक पुढे गेले ते विभागणीमुळेच. हृदयाचा तज्ज्ञ वेगळा झाला नसता तर हृदयाची शस्त्रक्रिया झाली नसती. हे खरे आहे, आणि म्हणूनच या पुस्तकातही प्रकरणे संस्थांच्या नावांनीच आहेत. विभागणी हाताला सोयीची असते. पण विभागणीतले मोठे शोधही भिंत ओलांडूनच लागले. विल्यम हार्वेने १६२८ मध्ये रक्ताभिसरण सिद्ध केले ते नुसते हृदय चिरून नव्हे. अर्ध्या तासात हृदय जितके रक्त ढकलते तितके शरीरात असूच शकत नाही, मग तेच रक्त फिरून येत असले पाहिजे, असा हिशेब त्याने मांडला. आलेले आणि गेलेले मोजणे, हीच तर या पुस्तकाची रीत आहे.

दुसरा आक्षेप आपल्या परंपरेच्या बाजूने येतो: शरीर एक आहे हे आयुर्वेदाने पूर्वीच सांगितले, अन्नापासून रस, रसापासून रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शुक्र असे सप्तधातू क्रमाने घडतात ही कल्पना जुनीच आहे. अन्नाचे रूपांतर होत होत शरीर घडते, आणि त्या रूपांतराला एक अग्नी लागतो, ही दृष्टी फार मोलाची होती. मगिल राजवैद्याच्या काळी याहून बरे चित्र जगात क्वचितच कुणाकडे असेल. पण धातू एकापासून एक असे ओळीने घडत नाहीत, हे मोजमापाने दाखवले आहे, आणि तो अग्नी म्हणजे ऑक्सिजनबरोबरचे सावकाश ज्वलन आहे, हे रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएच्या प्रयोगांतून कळले. पूर्वजांनी विचारलेल्या प्रश्नाचे अधिक अचूक उत्तर स्वीकारण्याने त्यांचा मान कमी होत नाही. त्यांचा प्रश्न खरा होता हेच त्यातून सिद्ध होते.

तिसरा आक्षेप सर्वांत खोल आहे. माणूस म्हणजे रसायनांचा साठा असे म्हटले की माया, बुद्धी, श्रद्धा यांचे काय उरते? याचे उत्तर आयोडीन देते. गळ्यातली ग्रंथी जे थायरॉक्सिन बनवते त्याच्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. गर्भार आईच्या आहारात आयोडीन फारच कमी पडले तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते, आणि ती हानी पुढे भरून निघत नाही. त्या बाळाच्या बुद्धीला आपण आयोडीन म्हणत नाही. बुद्धी आयोडीनपेक्षा कितीतरी मोठी आहे. पण ती उमलेल की नाही, हे चिमूटभर आयोडीनयुक्त मिठावर अवलंबून असू शकते. मनाचा मान राखायचा तर मिठाचीही काळजी घ्यावी लागते. रसायन माणसाला लहान करत नाही. माणसाचे मोठेपण कोणत्या पायावर उभे आहे ते दाखवते, आणि पाया ठाऊक असला की त्याची डागडुजी करता येते.

शेवटचा आक्षेप शब्दाविषयी आहे. बाजारात ‘केमिकल’ हा शब्द विषाच्या अर्थाने चालतो, आणि ‘केमिकल नसलेले’ ही स्तुती समजली जाते. पाणी रसायन आहे, मीठ रसायन आहे, आईचे दूधही रसायनांचेच बनलेले आहे. घातक काय आणि हितकर काय हे रेणू आणि त्याची मात्रा ठरवतात. तो शेतात झाला की कारखान्यात, यावरून ते ठरत नाही. मधुमेही माणूस साखर सोडून गुळावर येतो आणि पथ्य पाळल्याचे समाधान मानतो. पण गुळातही मुख्यतः सुक्रोजच असते, आणि आतड्यात त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तसेच होते. गोडी गुळाच्या कढईतून आली की साखरेच्या पोत्यातून, हे रक्ताला कळत नाही.

भाषेबद्दल दोन शब्द. या पुस्तकात विकर, संप्रेरक, प्रथिन, चयापचय हे शब्द वापरले आहेत, आणि जिथे ग्लुकोज, इन्सुलिन, हिमोग्लोबिन हेच शब्द लोकांच्या तोंडी आहेत तिथे ते तसेच ठेवले आहेत. परिभाषेलाही इतिहास असतो: ‘पेशी’ हा शब्द जुन्या ग्रंथांत स्नायूला होता, मराठीने तो सजीवाच्या सर्वांत लहान घटकाला दिला, हिंदी वाचणाऱ्याला तिथे ‘कोशिका’ भेटते. शब्द कोणताही घ्यावा, पण तो कळल्यावर थांबू नये. ‘पचनसंस्था’ या शब्दाखाली आतड्याची आकृती आठवली तर अर्धे काम झाले. भाकरीतल्या कार्बनची श्वासापर्यंतची वाट आठवली तर पूर्ण झाले.

वाचकाला विनंती एवढीच, की हे पुस्तक अकरा संस्थांची यादी म्हणून वाचू नका. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी थांबून तीन प्रश्न विचारा: इथे काय आले, त्याचे काय झाले, आणि ते इथून कुठे गेले. विद्यार्थ्यांनी विज्ञानाच्या दोन्ही भागांची पुस्तके शेजारी उघडी ठेवावीत. शिक्षकांनी लोहाचा धडा शिकवताना रक्तातला लोहाचा अणू आणि केवडा पडलेले उसाचे पान दोन्ही वर्गात आणावीत. आणि घरी ज्यांच्या हाती ताट वाढण्याचे काम आहे त्यांनी, घरातल्या बाईच्या ताटात डाळ, पालेभाजी आणि लिंबाची फोड आधी पडेल, शेवटी नाही, एवढे तरी आजपासून पाहावे. शरीरशास्त्राचे ज्ञान तिथे उतरले, तरच ते पुरते समजले असे म्हणता येईल.

कन्नड, जि. छत्रपती संभाजीनगर